प्रसूतीकालीन वैद्यकीय निष्काळजीपणा व सेरेब्रल पाल्सी (भारतीय कायदा)

प्रसूतीच्या वेळी, प्रसूतीच्या लगेच आधी अथवा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णालय यांच्याकडून योग्य ती काळजी घेतली न गेल्यामुळे बाळाच्या मेंदूला इजा होऊन सेरेब्रल पाल्सी उद्भवल्यास बाळाला व त्याच्या पालकांना भारतीय कायद्यानुसार नुकसानभरपाई मागता येते. यासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, दिवाणी कायदा, फौजदारी कायदा आणि वैद्यकीय परिषदेचे नियम अशा वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या तरतुदींच्या आधारे ही दाद मागावी लागते. सेरेब्रल पाल्सीला मराठीत 'मेंदूचा पक्षाघात' असेही म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत तिचा समावेश आहे.

अशा प्रकरणांतील मुख्य अडचण काळाशी निगडित आहे. सेरेब्रल पाल्सीचे पक्के निदान बहुधा मूल वर्ष-दोन वर्षांचे झाल्यावर होते. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असते, तर रुग्णालयावर कागदपत्रे जपून ठेवण्याचे बंधन तीन वर्षांपुरते असते. मूल मान धरत नाही, बसत नाही, म्हणून पालक एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरत असतात, त्याच काळात कायद्याचे घड्याळ चालू असते.

वैद्यकीय पार्श्वभूमी

सेरेब्रल पाल्सी ही विकसनशील मेंदूला झालेल्या, न वाढणाऱ्या इजेमुळे निर्माण होणारी हालचालीची व शरीराच्या ठेवणीची कायमस्वरूपी विकृती आहे. इंग्लंडमधील शल्यविशारद विल्यम लिटल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिचा संबंध अडलेल्या बाळंतपणाशी व जन्मताना गुदमरण्याशी जोडला. त्यामुळे ती दीर्घकाळ 'लिटलचा रोग' म्हणून ओळखली जात असे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्ये वेगळे मत मांडले. अवघड प्रसूती हे कारण नसून गर्भावस्थेतच बिघडलेल्या मेंदूचे ते लक्षण असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद आजही न्यायालयात जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येतो: कुटुंब लिटल यांच्या बाजूने बोलते, रुग्णालय फ्रॉइड यांच्या.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील अभ्यासांनी फ्रॉइड यांच्या मताला बरेचसे बळ दिले. विकसित देशांतील पाहणीनुसार प्रसूतीदरम्यान प्राणवायू कमी पडणे हे कारण असलेली प्रकरणे एकूण सेरेब्रल पाल्सीच्या सुमारे एक दशांश किंवा त्याहूनही कमी आहेत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भावस्थेतील जंतुसंसर्ग, जुळी गर्भधारणा, मेंदूची सदोष घडण आणि जनुकीय दोष ही इतर कारणे होत. मराठी घरांतून सांगितला जाणारा 'बाळ जन्मल्यावर रडले नव्हते' हा इतिहास त्यामुळे महत्त्वाचा असला, तरी तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. बाळ का रडले नाही आणि त्यानंतरच्या मिनिटाला कोणी काय केले, हे पुढचे प्रश्न असतात.

इजा प्रसूतीच्या वेळीच झाली का, हे ठरवण्यासाठी अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २००३ मध्ये निकष प्रसिद्ध केले. जन्मतःच घेतलेल्या नाळेतील रोहिणीच्या रक्ताचा पीएच ७ पेक्षा कमी असणे, ३४ किंवा अधिक आठवड्यांच्या बाळात लवकरच मेंदूविकाराची मध्यम किंवा तीव्र लक्षणे दिसणे, सेरेब्रल पाल्सी चारही अवयव ताठरणाऱ्या किंवा अनैच्छिक हालचालींच्या प्रकारची असणे आणि अन्य कारण न सापडणे, असे ते निकष होते. २०१४ च्या सुधारित अहवालात प्रत्येक प्रकरणाचा सर्व बाजूंनी विचार करण्यावर भर देण्यात आला. पाचव्या व दहाव्या मिनिटाचा अपगार गुणांक आणि एमआरआय यांना त्यात महत्त्वाचे स्थान आहे. अकस्मात व पूर्ण प्राणवायू तुटल्यास मेंदूच्या खोल भागातील केंद्रके व थॅलॅमस यांना इजा दिसते. दीर्घकाळ थोडाथोडा कमी पडल्यास मुख्य रक्तवाहिन्यांच्या सीमाप्रदेशात इजा दिसते. मेंदूतील पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या द्रव्यातील इजा मात्र बहुधा अपुऱ्या दिवसांच्या बाळात आढळते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काढलेला एमआरआय या दृष्टीने मोलाचा ठरतो. भारतातील लहान प्रसूतिगृहांत नाळेच्या रक्ताची तपासणी सहसा होत नसल्याने पुराव्याची ही जागा अनेक प्रकरणांत रिकामीच राहते.

जन्मानंतरची दोन कारणे तुलनेने स्पष्ट असतात. नवजात काविळीकडे दुर्लक्ष होऊन बिलिरुबिन वाढल्यास अनैच्छिक हालचालींची सेरेब्रल पाल्सी व बहिरेपणा येऊ शकतो. रक्तातील साखर दीर्घकाळ उतरल्यास मेंदूच्या मागील भागाला इजा होते. दोन्ही गोष्टी साध्या रक्ततपासणीने कळणाऱ्या आणि उपचारसाध्य आहेत. म्हणून येथे 'काय करायला हवे होते' हे दाखवणे प्रसूतीतील घटनांपेक्षा सोपे जाते.

निष्काळजीपणा म्हणजे काय

वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे भारतीय न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: डॉक्टरचे काळजी घेण्याचे कर्तव्य, त्या कर्तव्याचा भंग आणि त्या भंगामुळेच झालेली हानी. सेरेब्रल पाल्सीची प्रकरणे बहुतेक वेळा तिसऱ्या मुद्द्यावर अडतात.

डॉक्टरच्या कर्तव्याची भारतीय मांडणी एका महाराष्ट्रातील प्रकरणातून झाली. रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकिनारी अपघात झालेल्या तरुणाचा पुण्यातील रुग्णालयात १९५३ मध्ये मृत्यू झाला. त्या प्रकरणाच्या १९६८ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने रुग्ण स्वीकारावा का, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही टप्प्यांवर वाजवी काळजी घेण्याचे डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सांगितले. कर्तव्यभंगाची कसोटी इंग्लंडमधील १९५७ च्या 'बोलम' निकालावरून घेतली आहे. त्या क्षेत्रातील जबाबदार डॉक्टरांच्या गटाला मान्य असलेल्या पद्धतीने वागलेला डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, मग दुसऱ्या गटाला वेगळी पद्धत योग्य वाटत असली तरीही. 'जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य' (२००५) या निकालाने ही कसोटी भारतात पक्की केली.

प्रसूतीच्या संदर्भात पुढील प्रकारचे आक्षेप नेहमी घेतले जातात. बाळाच्या हृदयाचे ठोके ठरावीक अंतराने ऐकले नाहीत किंवा ते मंदावल्यावरही प्रसूतितज्ज्ञांना बोलावले नाही. कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन सलाईनमधून सुरू केले, पण त्यानंतर देखरेख ठेवली नाही. बाळाने पोटात शी केल्याचे दिसूनही वाट पाहिली. सिझेरियनचा निर्णय घेतल्यावर भूलतज्ज्ञ येईपर्यंत तास उलटला. चिमटा किंवा व्हॅक्यूम वारंवार लावला. जन्मलेल्या बाळाला श्वास देण्याचे प्रशिक्षण असलेली व्यक्ती खोलीत नव्हती. तालुक्याच्या गावातील प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ बाहेरून बोलावले जातात, ही महाराष्ट्रातील सर्वपरिचित व्यवस्था आहे. ती असणे हा दोष मानला जात नाही. धोका दिसल्यावर त्यांना केव्हा बोलावले, किंवा रुग्णाला मोठ्या रुग्णालयात केव्हा पाठवले, यावर जबाबदारी ठरते. बाहेरून आलेल्या डॉक्टरच्या चुकीबद्दलही रुग्णालयाला जबाबदार धरता येते.

'योग्य उपचार' कोणता, हे देशानुसार बदलू शकते. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचे शरीर सहा तासांच्या आत थंड करून ७२ तास ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर ठेवणे हा श्रीमंत देशांत प्रस्थापित उपचार आहे. भारत, श्रीलंका व बांगलादेशातील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हेलिक्स' चाचणीत मात्र या उपचाराने मृत्यू अथवा दिव्यांगत्व कमी झाले नाही, उलट मृत्यू वाढलेले आढळले. परदेशी मार्गदर्शिकेतील वाक्य दाखवून 'हा उपचार दिला नाही म्हणून निष्काळजीपणा' असे म्हणणे त्यामुळे भारतात टिकणे कठीण आहे.

कागदपत्रे

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचार नियमांनुसार दाखल रुग्णाची नोंदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करणे आणि रुग्णाने किंवा अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांच्या आत त्यांच्या प्रती देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच अशा प्रती मिळणे हा रुग्णाचा हक्क असल्याचे म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये नवे आचार नियम आणले, परंतु त्यांना लगेच स्थगिती दिल्याने २००२ चेच नियम लागू राहिले. सरकारी रुग्णालयातील कागद माहितीच्या अधिकाराखालीही मागता येतात.

घरी जाताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड पुरेसे नसते. मागायचे असतात ते संपूर्ण केसपेपर: प्रसूतिगृहातील वेळेनुसार नोंदी, पार्टोग्राफ, ठोक्यांच्या आलेखाची पट्टी, परिचारिकांचा तक्ता, औषधांचा तक्ता, संमतिपत्रे, शस्त्रक्रिया व भूल यांच्या नोंदी, बाळाला शुद्धीवर आणण्याच्या प्रयत्नांची टिपणे, अपगार गुणांक, नवजात अतिदक्षता विभागाची सर्व पाने आणि वार तपासायला पाठवली असल्यास तिचा अहवाल. ठोक्यांचा आलेख उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेला असतो व काही वर्षांत पुसट होतो. त्याची छायाप्रत वेळीच काढणे म्हणूनच आवश्यक ठरते. मागणी लेखी करून पोच घेतली असेल आणि तरीही रुग्णालयाने कागद दिले नाहीत, तर ही टाळाटाळ सेवेतील त्रुटी मानली जाते व न्यायाधिकरण रुग्णालयाविरुद्ध प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते. खाडाखोड केलेली, एकाच शाईने एकाच बैठकीत लिहिल्यासारखी दिसणारी किंवा दोन ठिकाणी वेगळ्या वेळा दाखवणारी नोंद अनेकदा वैद्यकीय वादापेक्षा अधिक निर्णायक ठरते.

दाद मागण्याचे मार्ग

ग्राहक आयोग

खासगी रुग्णालयातील प्रकरणांसाठी हा सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग आहे. 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही.पी. शांता' (१९९५) या निकालाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. जे रुग्णालय काहींकडून पैसे घेते व काहींवर मोफत उपचार करते, तेथील मोफत उपचार घेणारेही या कायद्याने 'ग्राहक' ठरतात. सर्वांवर मोफत उपचार करणारी रुग्णालये कायद्याबाहेर राहतात. केवळ नाममात्र नोंदणी शुल्क घेतल्याने ती कायद्यात येत नाहीत. २०१९ च्या नव्या कायद्यात सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा शब्दशः उल्लेख नसल्याने शंका उपस्थित झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वैद्यकीय सेवा कायद्यातच असल्याचे स्पष्ट केले आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्याविरुद्धची याचिका फेटाळली.

कोणत्या आयोगाकडे जायचे, हे २०१९ च्या कायद्यानुसार मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, तर प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला असल्यास जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग व त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग असे अधिकारक्षेत्र आहे. प्रसूतीचे बिल सहसा काही हजार ते काही लाख असते, त्यामुळे कोट्यवधींच्या भरपाईची मागणीही जिल्हा आयोगापुढेच येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. दिवाणी न्यायालयात मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात मुद्रांक भरावा लागतो, हे लक्षात घेता हा फरक मोठा आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या व नंतर सासरी परतलेल्या स्त्रीला याचा थेट उपयोग होतो.

अज्ञान मुलाच्या वतीने पालक तक्रार करू शकतात, असे नवा कायदा स्पष्टपणे सांगतो. त्याखेरीज पालक स्वतःही ग्राहक आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 'स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल' प्रकरणात (१९९८) मान्य केले. चुकीच्या इंजेक्शनमुळे एका बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाल्याचे ते प्रकरण होते. बालकासाठी साडेबारा लाख आणि पालकांच्या मनस्तापासाठी वेगळे पाच लाख रुपये त्यात कायम झाले. गंभीर इजा किंवा मृत्यू झालेली वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे ग्राहक आयोगाला मध्यस्थीकडे पाठवता येत नाहीत. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपील करणाऱ्या रुग्णालयाला आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिन्यांची अपेक्षा लिहिलेली आहे. प्रत्यक्षात अशी प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात.

दिवाणी न्यायालय व सरकारी रुग्णालये

पूर्णपणे मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध दिवाणी दावा हा मुख्य मार्ग राहतो. औरंगाबाद येथील शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये बाळंतपणानंतरच्या नसबंदी शस्त्रक्रियेत पोटात कापड राहून एका स्त्रीचा मृत्यू झाला होता. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाला जबाबदार धरले. पोटात कापड राहणे हीच गोष्ट निष्काळजीपणाबद्दल बोलकी आहे आणि नेमका कोणत्या कर्मचाऱ्याचा दोष, हे सांगता न आल्याने शासन सुटत नाही, हा त्या निकालाचा आशय. नेमकी चूक कोणाच्या हातून झाली हे न कळणाऱ्या कुटुंबांसाठी तो आजही उपयोगी आहे. घटनेच्या कलम २१ चा आधार घेऊन उच्च न्यायालयात रिट याचिकाही करता येते. परंतु तथ्ये वादग्रस्त असतील तेथे उच्च न्यायालये पक्षकारांना दिवाणी न्यायालयाकडे पाठवतात, आणि सेरेब्रल पाल्सीत तथ्ये जवळजवळ नेहमीच वादग्रस्त असतात.

फौजदारी तक्रार व वैद्यकीय परिषद

मूल जिवंत असल्यास भारतीय न्याय संहितेतील निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे कलम १०६ लागू होत नाही. निष्काळजी कृतीने गंभीर इजा केल्याचे कलम १२५ लावता येते. 'जेकब मॅथ्यू' निकालानुसार फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो आणि तपासापूर्वी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतील, डॉक्टरचे मत घ्यावे लागते. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते किंवा त्याची नोंदणी काही काळ निलंबित करू शकते. या दोन्ही मार्गांनी मुलाच्या उपचारासाठी पैसा उभा राहत नाही. परिषदेने दोष मान्य केल्यास तो निष्कर्ष भरपाईच्या प्रकरणात पुरावा म्हणून दाखवता येतो, एवढाच त्यांचा अप्रत्यक्ष लाभ.

मुदत

ग्राहक कायद्याच्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. कारण 'घडले' केव्हा, जन्माच्या दिवशी की निदानाच्या दिवशी, हाच वादाचा मुद्दा होतो. मुंबईतील शस्त्रक्रियेत पोटात राहिलेली पट्टी अनेक वर्षांनी सापडल्याच्या प्रकरणात ('डॉ. श्रीखंडे' निकाल, २०१०) सर्वोच्च न्यायालयाने हानी कळल्यापासून मुदत मोजण्याचे तत्त्व विचारात घेतले. परंतु गोव्यातील सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेल्या त्या रुग्णाला सुरुवातीपासून त्रास होत होता व तिने वेळीच शोध घ्यायला हवा होता, असे म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरवली. बाळाला जन्मतःच झटके आले होते, तो अतिदक्षता विभागात होता, असा पूर्वेतिहास असल्यास रुग्णालयाकडून हाच युक्तिवाद होतो. म्हणून निदानाचा पहिला लेखी कागद व त्याची तारीख जपणे आणि उशीर झाला असल्यास विलंबमाफीचा अर्ज कारणांसह तक्रारीसोबतच देणे आवश्यक असते.

मुदत कायदा, १९६३ च्या कलम ६ अन्वये अज्ञान व्यक्तीला सज्ञान झाल्यानंतर दावा लावता येतो. ही तरतूद दिवाणी दाव्यांसाठी लिहिलेली आहे. ग्राहक आयोगापुढे ती आपोआप लागू धरणे धोक्याचे असते. शिवाय ती मुलाच्या हक्काला संरक्षण देते, पालकांच्या स्वतःच्या दाव्याला नाही. अठरा वर्षांनी दावा लावता येईल या भरवशावर थांबलेल्या कुटुंबाच्या हाती तोवर केसपेपर उरत नाहीत.

तज्ज्ञांचे मत

प्रत्येक ग्राहक तक्रारीत तज्ज्ञ साक्षीदार अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये 'निखिल सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल' प्रकरणात स्पष्ट केले. तरीही सेरेब्रल पाल्सीच्या प्रकरणात तज्ज्ञाशिवाय कार्यकारणसंबंध दाखवणे फार कठीण असते. एक प्रसूतितज्ज्ञ, एक नवजात शिशुतज्ज्ञ आणि बाल मेंदूविकारतज्ज्ञ किंवा क्ष-किरणतज्ज्ञ अशी किमान तीन मते लागतात. पहिला देखरेखीतील त्रुटी सांगतो, दुसरा जन्मानंतरच्या तासांबद्दल बोलतो आणि तिसरा इजेचा काळ ठरवतो. त्याच शहरातील डॉक्टर सहकाऱ्याविरुद्ध लिहून देण्यास सहसा तयार नसतात. त्यामुळे कुटुंबे परगावच्या किंवा निवृत्त प्राध्यापकांकडे जातात, अथवा आयोगाला वैद्यकीय महाविद्यालयाचे मत मागवण्याची विनंती करतात. अशा मंडळाचे मत प्रतिकूल आल्यास ते खोडून काढणे अवघड जाते, ही त्या विनंतीतील जोखीम आहे.

भरपाईची मोजणी

भरपाईचा मोठा भाग भविष्यातील खर्चाचा असतो: भौतिकोपचार, वाचोपचार, झटक्यांची औषधे, हाडांच्या शस्त्रक्रिया, चाकाची खुर्ची, विशेष शाळा आणि आयुष्यभराचा मदतनीस. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांची तपासणी न सुचवल्याने अंधत्व आल्याच्या तामिळनाडूतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महागाईचा हिशेब धरून सुमारे १.८ कोटी रुपये दिले. तशाच स्वरूपाच्या 'महाराजा अग्रसेन हॉस्पिटल' प्रकरणात २०१९ मध्ये ७६ लाख रुपये मंजूर झाले. दोन्ही प्रकरणे अंधत्वाची असली, तरी नवजात बालकाला जन्मभराची हानी झाल्यास मोजणी कशी करावी, यासाठी त्यांचा आधार घेतला जातो. मदतनीसाच्या खर्चासाठी २०२० मधील एका मोटार अपघात निकालाचा दाखला दिला जातो. मेंदूला गंभीर इजा झालेल्या मुलीसाठी दिवसाचे चोवीस तास मदत लागणार, म्हणून प्रत्येकी बारा तासांचे दोन मदतनीस त्यात गृहीत धरले होते. बहुतेक घरांत हे काम नोकरी सोडलेली आई करते. पगाराची पावती नसल्यामुळे तक्रारीत ते मागायचेच राहून जाते.

कायदेविषयक मदत

अमेरिकेत व इंग्लंडमध्ये 'जिंकलो तरच फी' या तत्त्वावर अशी प्रकरणे चालवणाऱ्या वकील संस्था आहेत. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे वकिलाला निषिद्ध आहे. अशी बोली घालणाऱ्यापासून कुटुंबाने दूर राहणे श्रेयस्कर. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके व दिव्यांग व्यक्ती यांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल व त्याची आई यांना त्यामुळे वेगवेगळ्या आधारांवर हा हक्क पोहोचतो. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. साहाय्यात वकिलाबरोबर न्यायालयीन शुल्काचाही समावेश होतो. ग्राहक आयोगात वकिलाविना बाजू मांडण्याची मुभा आहे आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.

दिवाणी दाव्यात मूल 'अज्ञान, तर्फे अ.पा.क.' म्हणजे पालनकर्त्यामार्फत उभे राहते. अशा दाव्यात रुग्णालयाशी तडजोड करायची झाल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नुसार न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीविना केलेली तडजोड मुलावर बंधनकारक नसते. रुग्णालयाच्या कार्यालयात रोख रक्कम घेऊन 'पुढे काही तक्रार नाही' असे लिहून देण्याचे प्रकार घडतात. अशा कागदाने मुलाचा स्वतंत्र हक्क संपतोच असे नाही.

मंजूर झालेली मुलाच्या वाट्याची रक्कम सहसा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश होतो व व्याज पालकांना मिळते. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर ते स्वतः व्यवहार करू शकत नसेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हास्तरीय स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. हा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांसाठी आहे. नियुक्त पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा असतो. आई-वडिलांनाही यातून सूट नाही. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. तो मिळवण्यासाठी कोणाचाही दोष सिद्ध करावा लागत नाही, त्यामुळे दाव्याची वाट न पाहता त्याची नोंदणी करता येते.

इतर देशांतील पद्धती

न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघात भरपाईची सार्वजनिक योजना असून उपचारातील इजेसाठी डॉक्टरवर दावा लावण्याची गरज राहत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया व फ्लोरिडा या राज्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस केवळ जन्मावेळच्या मेंदूच्या इजेसाठी दोषनिरपेक्ष निधी स्थापन केले. इंग्लंडमध्ये दोष सिद्ध करावा लागतो, मात्र २०१७ पासून अशा जन्मांची माहिती सार्वजनिक आरोग्यसेवेच्या दावे विभागाला लवकर कळवण्याची योजना आहे. स्कॉटलंडमधील 'मॉन्टगोमेरी' निकालाने (२०१५) रुग्णाला धोक्यांची माहिती देण्याच्या कर्तव्याची कसोटी बदलली. मधुमेही मातेला मोठ्या बाळाचा खांदा अडकण्याचा धोका सांगितला गेला नव्हता आणि बाळाला सेरेब्रल पाल्सी झाली होती. जपानने जानेवारी २००९ पासून प्रसूतीशी संबंधित सेरेब्रल पाल्सीसाठी विमा योजना सुरू केली. तीत पात्र बालकाला निष्काळजीपणा सिद्ध न करता एकूण तीन कोटी येन मिळतात. प्रत्येक प्रकरणाची कारणमीमांसा तज्ज्ञ समिती करते, अहवाल कुटुंबाला व रुग्णालयाला दिला जातो आणि त्याचा ओळख न उघड करणारा सारांश प्रसिद्ध होतो.